ऑफसेट म्हणजे टाइमझोन नव्हे

डेटाच्या कामाला लागल्यावर माझी पहिली मोठी चूक झाली ती वेळेची. न्यूयॉर्कच्या व्यवहारांचा तासवार अहवाल माझ्याकडे होता. नोंदी यूटीसीत, म्हणजे जगभरच्या प्रमाण वेळेत यायच्या, मी सरसकट पाच तास वजा करायचो. हिवाळाभर सगळं जुळलं. मार्चच्या दुसऱ्या रविवारी उन्हाळी वेळेसाठी तिथली घड्याळं पहाटे दोनवरून थेट तीनवर गेली आणि त्या क्षणापासून माझा अहवाल एक तास मागे पडला. एररही आली नाही, म्हणून दोन आठवडे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

उणे पाच हा नुसता ऑफसेट, म्हणजे यूटीसीपासूनचा त्या वेळचा फरक. टाइमझोन म्हणजे त्या भागातल्या घड्याळांचे नियम, जुने बदल धरून. सामोआने २०११ साली ३० डिसेंबर हा दिवसच गाळला. असल्या गोष्टी वजाबाकीत कशा मावणार? म्हणून कोडमध्ये 'अमेरिका/न्यूयॉर्क' असं आयाना या संस्थेच्या टाइमझोन यादीतलं पूर्ण नाव द्या. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत ३.९ आवृत्तीपासून त्यासाठी झोनइन्फो हे मॉड्यूल आहे. सरकारं नियम बदलत राहतात, तेव्हा ही यादी सर्व्हरवर वेळोवेळी अद्ययावत करायला हवी.

नोव्हेंबरचा पहिला रविवार तर आणखी अवघड. त्या पहाटे न्यूयॉर्कची घड्याळं दोनवरून परत एकवर येतात, म्हणून दीड दोनदा वाजतो. नोंदीत नुसतं '१:३०' असेल तर कुठला दीड, हे नंतर कुणीच सांगू शकत नाही. पहिला दीड की दुसरा हे सांगणारी पायथॉनची 'फोल्ड' ही खूण दोन्ही वेगळे दाखवते, पण मुळात माहिती असेल तरच. त्यामुळे नोंद जन्मते तिथेच यूटीसी लिहून घ्या, आणि स्थानिक वेळ फक्त दाखवताना काढा.

एक खाचखळगा मला फार उशिरा कळला. एकाच टाइमझोनच्या दोन वेळा पायथॉनमध्ये वजा केल्या की तो घड्याळावरचा फरक देतो, प्रत्यक्ष गेलेला काळ नाही. त्या मार्चच्या पहाटे एक ते चार म्हणजे त्याच्या लेखी तीन तास, खरे दोनच. कालावधी हवा असेल तर आधी दोन्ही वेळा यूटीसीत न्या.

पुढे ठरलेल्या गोष्टींना मात्र 'सगळं यूटीसीत' हा नियम लावू नका. पुढच्या वर्षीची सकाळी दहाची बैठक यूटीसीत साठवली आणि मधेच तिथला नियम बदलला, तर ती नऊला किंवा अकराला जाईल. तिथे स्थानिक वेळ आणि टाइमझोनचं नाव, दोन्ही ठेवा.

टेस्ट लिहिताना मी आता मार्च आणि नोव्हेंबरचे ते दोन रविवार घेतोच, शिवाय नेपाळही. तिथला ऑफसेट ५ तास ४५ मिनिटांचा आहे. पूर्ण तास गृहीत धरणारं कोड तिथे लगेच उघडं पडतं.