मधुमेहींसाठी आशियाई स्वयंपाक: साखर लपते कुठे?

मोठ्या आचेवर भराभर परतलेल्या भाज्या, टोफू, मासे, चिकन. चिनी, थाई, जपानी स्वयंपाकातला हा भाग मधुमेहींना मुळातच मानवणारा आहे. गडबड होते ती बाटलीतल्या सॉसमुळे, तो दाट करायला ओतलेल्या कॉर्नफ्लोअरमुळे आणि शेजारी वाढलेल्या भाताच्या ढिगामुळे.

होइसिन, तेरियाकी, स्वीट चिली हे सॉस म्हणजे जवळपास पाकच. लेबलवर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात. पहिल्या तिनांत साखर दिसली की बाटली परत ठेवा. राइस व्हिनेगर घेतानाही बघा, सुशीसाठी तयार मिळणाऱ्या व्हिनेगरमध्ये साखर घातलेली असते.

त्यापेक्षा सॉस घरीच करा. दोघांपुरता: कमी मिठाचा सोया सॉस 1 टेबलस्पून, साधं राइस व्हिनेगर 2 टीस्पून, किसलेलं आलं 1 टीस्पून, तिळाचं तेल अर्धा टीस्पून, मिरपूड आणि 3 टेबलस्पून पाणी. सुके शिताके मशरूम भिजवलेलं पाणी असेल तर तेच वापरा. त्याची चव इतकी भरीव असते की साखरेची उणीव भासत नाही. शेवटी 1 टीस्पून कॉर्नफ्लोअर 1 टेबलस्पून गार पाण्यात कालवून घाला. त्यातून जेमतेम अडीच ग्रॅम कर्बोदकं येतात. सोया सॉस मात्र मोजूनच. साध्या सोया सॉसच्या एका टेबलस्पूनमध्ये सुमारे 900 मिलिग्रॅम सोडियम असतं आणि जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा 2000 मिलिग्रॅमच्या आत आहे. मधुमेहासोबत रक्तदाबही असेल तर हे आणखी महत्त्वाचं.

आता परतणं. 200 ग्रॅम घट्ट टोफू फडक्यात गुंडाळून वर वजन ठेवा, 20 मिनिटं. तुकडे करून 2 टीस्पून गरम तेलात टाका आणि पहिली 3 मिनिटं हात लावू नका. खालून सोनेरी झाला की आपोआप सुटतो. त्याआधी उलथनं घातलं तर चुरा होतो. टोफू बाजूला काढा. त्याच कढईत 1 टीस्पून तेल घालून ब्रोकोली आणि पातळ चिरलेलं गाजर 2 मिनिटं, मग सिमला मिरची आणि मशरूम 2 मिनिटं परता. भाज्या सगळ्या मिळून 400 ग्रॅम. लसूण सगळ्यात शेवटी. आधी टाकला तर करपून कडू होतो. टोफू आणि सॉस घालून मिनिटभरात उतरवा.

भाजीला पाणी सुटतं ते दोन कारणांनी: धुतलेली भाजी ओलीच टाकली, नाहीतर कढई गच्च भरली. तापमान उतरतं आणि भाजी परतली न जाता वाफेवर शिजते. मग ते पाणी दाट करायला आणखी दोन चमचे कॉर्नफ्लोअर, आणि सगळा हिशेब बिघडतो. दोन खेपांत परता.

भाताचं सोपं गणित: 150 ग्रॅम शिजलेल्या भातात 40 ते 45 ग्रॅम कर्बोदकं. ब्राउन राइसमध्येही फार कमी नसतात, तंतू तेवढे जास्त. जॅस्मिन किंवा चिकट तांदळापेक्षा बासमती साखर सहसा हळू चढवतो. निम्मा भात आणि दुप्पट भाजी घ्या. आधी भाजी-टोफू खाऊन भात शेवटी घेतला तर साखरेची उसळी कमी राहते. पण इन्सुलिन किंवा साखर खूप उतरवू शकणाऱ्या गोळ्या चालू असतील तर भात एकदम तोडू नका. डोस तोच राहिला तर साखर घसरते. आधी डॉक्टरांशी बोला.

मुगाच्या स्टार्चच्या पारदर्शक नूडल्स हलक्या वाटतात, असतात मात्र जवळपास निव्वळ स्टार्च. सोबा या जपानी नूडल्स घेताना बकव्हीट (कुट्टू) किती आणि गहू किती ते वाचा. कोंजॅक कंदापासून केलेल्या शिराताकी नूडल्समध्ये पचणारी कर्बोदकं नगण्य, पण पाकिटातल्या पाण्याला माशासारखा वास येतो. चाळणीत खळखळून धुवा आणि तेल न घालता कोरड्या तव्यावर 4 मिनिटं परता. ओल्याच सॉसमध्ये टाकल्या तर पाणी सोडून सगळी चव पातळ करतात.

थाई करीत नारळाचं दूध निम्मं आणि निम्मा स्टॉक घाला, ताडगूळ गाळा. गोडी गेली की फिश सॉस खारट लागू लागतो, म्हणून तो निम्माच घालून चव घ्या आणि लिंबू गॅस बंद केल्यावर पिळा.