एडिटरमधले पॉपअप, पॅनल आणि शॉर्टकट आपल्या हाताला बसवायचे कसे

कोड वाचताना माउस जरा कुठे टेकला की लगेच एक चौकोन उघडतो आणि नेमकी जी ओळ वाचत होतो तीच झाकून टाकतो, मग आपण एस्केप दाबतो, पुढे जातो, दोन मिनिटांनी परत तेच. बरेच जण वैतागून सगळे पॉपअप एकदम बंद करून टाकतात आणि दोन दिवसांत परत चालू करतात, कारण त्यातली माहिती लागतेच. माझा अनुभव असा की बंद करायची गरजच नसते, पॉपअप बोलावल्यावरच यावा एवढी सोय केली की पुरतं. मी व्हीएस कोड हा मायक्रोसॉफ्टचा कोड एडिटर धरून सांगतोय आणि शॉर्टकट विंडोज-लिनक्सचे आहेत, मॅकवर बहुतेक ठिकाणी कंट्रोलच्या जागी कमांड धरा.

आधी तो माउसवाला पॉपअप घेऊ, म्हणजे हॉवर. कंट्रोल+कॉमा दाबून सेटिंग्ज उघडा, वर सर्चमध्ये एडिटर हॉवर टाका. डिले नावाची सेटिंग दिसेल, मुळात ती 300 मिलिसेकंद असते, म्हणजे माउस नुसता वाटेत थांबला तरी चौकोन उघडणार. ती 1000 करा, एवढ्यानेच निम्मा त्रास जातो. तिथेच अबव्ह नावाची टिक आहे, ती काढली की चौकोन ओळीच्या वर न येता खाली येतो, आणि आपण वाचत आलेलो असतो वरून, त्यामुळे मला तरी खालीच बरा वाटतो. हॉवर पूर्ण बंद करून फक्त कीबोर्डवरून बोलवायचं असेल तर कर्सर शब्दावर ठेवून कंट्रोल+के आणि मग कंट्रोल+आय. पण बंद करताना एक गोष्ट लक्षात ठेवा, लाल रेघेखालच्या एररचा मेसेजसुद्धा याच चौकोनात येतो, तोही जाईल, मग एफ8 दाबत एकेका एररवर जायची सवय लावून घ्यावी लागते.

आता सजेशनची यादी, म्हणजे टाइप करताना एडिटर जे शब्द सुचवतो ती. इथे सगळ्यात जास्त नुकसान एंटर की करते आणि ते लगेच कळतही नाही. समजा फाइलमध्ये टोटलअमाउंट नावाचं व्हेरिएबल आधीपासून आहे आणि तुम्हाला नवीन ओळीवर नुसतं टोटल लिहायचंय. टोटल टाइप केलं, खाली यादी उघडली, त्यात टोटलअमाउंट निवडलेलं आहे, तुम्ही पुढच्या ओळीवर जायला एंटर मारला आणि शब्दच बदलला. कोड चालतोसुद्धा, फक्त चुकीच्या व्हेरिएबलवर. मी एकदा अशा एका शब्दापायी अख्खी संध्याकाळ घालवली आहे म्हणून हे इतकं आवर्जून सांगतोय. उपाय सोपा आहे, सेटिंग्जमध्ये ॲक्सेप्ट सजेशन ऑन एंटर शोधा आणि ऑफ करा. स्मार्ट असाही एक पर्याय तिथे आहे, पण वरच्या उदाहरणात तो उपयोगाचा नाही, कारण त्याचा नियम असा की सजेशनने मजकूर बदलणार असेल तर एंटरने ते घ्यायचं, आणि इथे मजकूर तर बदलतोच आहे. ऑफ केल्यावर सजेशन टॅबने घ्यायचं आणि एंटर फक्त नवीन ओळीसाठी. दोन-तीन दिवस हात अडखळतो, मग बसतो.

यादी आपणहून उघडायलाच नको असेल तर क्विक सजेशन्स ऑफ करा आणि लागेल तेव्हा कंट्रोल+स्पेस. मात्र डॉट टाइप केल्यावर यादी तरीही येईल, कारण त्याची सेटिंग वेगळी आहे, सजेस्ट ऑन ट्रिगर कॅरेक्टर्स, आणि ती मी चालूच ठेवतो कारण डॉटनंतर मला यादी खरोखर हवी असते. फंक्शनच्या कंसात शिरल्यावर येणारा पॅरामीटरचा पॉपअपसुद्धा असाच, पॅरामीटर हिंट्स बंद केलं तरी कंट्रोल+शिफ्ट+स्पेसने बोलावता येतो. कोपऱ्यात येणाऱ्या नोटिफिकेशनसाठी खाली स्टेटस बारमध्ये घंटी आहे, तिच्यावर क्लिक करून डू नॉट डिस्टर्ब लावा, झालं.

पॅनलचं फार काही अवघड नाही. कंट्रोल+बी ने साइडबार, कंट्रोल+जे ने खालचं पॅनल उघडझाप होतं, हे दोन पाठ करा. स्क्रीन रुंद असेल तर पॅनलच्या वरच्या पट्टीवर राइट क्लिक करून पॅनल पोझिशनमध्ये राइट निवडा, कोडला उंची पूर्ण मिळते आणि टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, शेजारी येतं. बाकी टॅब ओढून इकडून तिकडे नेता येतात, आणि ओढाताणीत काही हरवलं तर कंट्रोल+शिफ्ट+पी दाबून कमांड पॅलेट, म्हणजे सगळ्या कमांडची शोधयादी, उघडा आणि रिसेट व्ह्यू लोकेशन्स शोधा, सगळं मूळ जागी येतं.

खरी मजा शॉर्टकटमध्ये आहे. कंट्रोल+के आणि मग कंट्रोल+एस ने सगळ्या शॉर्टकटची यादी उघडते. तिथे सर्चजवळ कीबोर्डचं छोटं चिन्ह आहे, ते दाबून हवा तो शॉर्टकट प्रत्यक्ष दाबून बघा, आधीच कुणी धरलेला असेल तर लगेच दिसेल. हे न बघता लोक कंट्रोल+के सारखी की एखाद्या कमांडला देऊन टाकतात आणि मग कंट्रोल+के ने सुरू होणारे सगळे दोन टप्प्यांचे शॉर्टकट गप्प होतात, कारण पहिल्याच टप्प्यावर दुसरी कमांड चालून जाते.

एकच की दोन कामांना लावता येते हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. मला एडिटरमधून टर्मिनलमध्ये आणि टर्मिनलमधून परत एडिटरमध्ये एकाच कीने उडी मारायची होती, म्हणून ऑल्ट+जे घेतली. यादीत फोकस टर्मिनल शोधलं, तिला ऑल्ट+जे दिली, मग त्याच ओळीवर राइट क्लिक करून चेंज व्हेन एक्स्प्रेशन निवडलं आणि अट टाकली एडिटरटेक्स्टफोकस (editorTextFocus), म्हणजे कर्सर एडिटरमध्ये असेल तरच. मग फोकस ॲक्टिव्ह एडिटर ग्रुप शोधलं, तिलाही ऑल्ट+जे, पण अट टर्मिनलफोकस (terminalFocus). आता कर्सर कुठे आहे त्यावरून एडिटर स्वतःच ठरवतो. अटीची स्पेलिंग कॅपिटल अक्षरांसकट अचूक लागते, नाहीतर शॉर्टकट चालतच नाही आणि एररही दिसत नाही. टर्मिनलमध्ये असताना तुमची एखादी की शेलकडे, म्हणजे टर्मिनलमध्ये कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामकडे, जात असेल तर सेटिंग्जमध्ये कमांड्स टू स्किप शेल नावाची यादी आहे, त्यात त्या कमांडचं नाव घाला.

तरीही शॉर्टकट ऐकत नसेल तर अंदाज करत बसू नका, कमांड पॅलेटमधून टॉगल कीबोर्ड शॉर्टकट्स ट्रबलशूटिंग चालू करा आणि तीच की दाबा, कुठली की पोचली आणि कुठली कमांड निवडली गेली हे आउटपुटमध्ये ओळीने लिहून येतं. आपले शॉर्टकट ज्या फाइलमध्ये साठवले जातात त्या कीबाइंडिंग्जच्या जेसन फाइलमधले नियम खालून वर वाचले जातात आणि पहिला जुळेल तो चालतो, त्यामुळे आपला महत्त्वाचा नियम शेवटी ठेवा.

जेटब्रेन्सचे एडिटर (इंटेलिजे, पायचार्म वगैरे) वापरणाऱ्यांनी कंट्रोल+ऑल्ट+एस ने सेटिंग्जमध्ये जाऊन कीमॅप, म्हणजे शॉर्टकटची यादी, बघा, आणि कंट्रोल+शिफ्ट+एफ12 नक्की शिका, सगळी टूल विंडो एका झटक्यात बाजूला होतात आणि परत दाबलं की परत येतात.

क्रोम ब्राउझरच्या डेव्हटूल्समध्ये, म्हणजे वेबपेज तपासायच्या साधनांमध्ये, अडचण उलटी असते, तिथे पेजवरचा पॉपअप टिकवायचा असतो आणि इन्स्पेक्ट करायला गेलं की तो मिटतो. कंट्रोल+शिफ्ट+पी दाबून शो रेंडरिंग शोधा आणि एम्युलेट अ फोकस्ड पेज वर टिक करा, मग डेव्हटूल्समध्ये क्लिक केलं तरी पेजला वाटतं फोकस आपल्याकडेच आहे. माउस हलला की मिटणारा असेल तर डेव्हटूल्सच्या कन्सोलमध्ये सेटटाइमआउट (ठरलेल्या वेळाने कोड चालवणारं फंक्शन) लावून 3 सेकंदांनी डीबगर पेज थांबवेल असं करा, तेवढ्यात पॉपअप उघडून ठेवा, पेज जागच्या जागी गोठतं आणि एलिमेंट्समध्ये जाऊन तो निवांत बघता येतो.