‘मंजूर’ म्हणजे नेमकं काय? पुढाऱ्यांच्या पोस्टवर ब्लॉग लिहिताना

माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे, यावल-चोपडा पट्ट्यातल्या एका गावात. सातबाऱ्याचे उतारे, पीकविम्याचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं हे दिवसभर हातातून जातं. रात्री मी ब्लॉग लिहिते. विषय एकच: आपल्या भागातले आमदार, खासदार, मंत्री फेसबुकवर आणि एक्सवर काय जाहीर करतात आणि त्याचं पुढे काय होतं. जळगाव, धुळे, नंदुरबार मिळून विधानसभेच्या २० जागा आहेत. दिल्ली-मुंबईच्या राजकारणावर लिहिणारे भरपूर आहेत, या वीस जागांवर कागद हातात घेऊन लिहिणारे फार थोडे. म्हणून ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी माझी पद्धत सांगते.

माझी सुरुवात एका प्रिंटपासून झाली. नाल्यापलीकडे केळीचा मळा असलेले एक आप्पा मोबाइल घेऊन दुकानात आले. एका लोकप्रतिनिधींची पोस्ट होती, हारतुऱ्यांचा फोटो आणि खाली ठळक अक्षरांत ‘नाल्यावरील पुलास मंजुरी’. आप्पांनी तिची रंगीत प्रिंट मागितली आणि सातबाऱ्याच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवली. दोन पावसाळे गेले. नाल्याला पाणी आलं की ट्रक अलीकडेच थांबतो आणि घड माणसांच्या खांद्यावरून पार करावे लागतात. तिसऱ्या वर्षी आप्पा तोच कागद घेऊन आले. “हाऊ पूल कव्हय व्हई, ताई?” मी ती पोस्ट शोधायला बसले, तर पानावर ती नव्हतीच. आप्पांची प्रिंट तेवढी शिल्लक होती.

तेव्हा पहिलं काम जपून ठेवायचं. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही, तो कुणीही बनवू शकतो. पोस्टची लिंक, तारीख, वेळ आणि मजकूर वहीत किंवा शीटमध्ये उतरवून घ्या. एक्सवरची पोस्ट किंवा सरकारी पान असेल तर इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे वेबपानांच्या प्रती जपून ठेवणाऱ्या संकेतस्थळावर, साठवून बघा. फेसबुकची पानं तिथे नीट उतरत नाहीत, म्हणून मी मोबाइलवर स्क्रीन रेकॉर्डिंग करते: आधी पानाचं नाव, मग सरकत सरकत पोस्टपर्यंत. फेसबुकवर पोस्टच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांखाली आधी काय लिहिलं होतं आणि नंतर काय बदललं, तो इतिहासही बऱ्याचदा दिसतो. तो न चुकता बघा. ‘काम सुरू’चं ‘काम लवकरच सुरू’ झालेलं मी तिथेच पकडलं आहे.

मग खातं कुणाचं ते ठरवा. माणसाचं खातं वेगळं, पदाचं वेगळं. मे २०१४ मध्ये केंद्रात सत्ता बदलली तेव्हा पंतप्रधान कार्यालयाच्या ट्विटर खात्याचं नाव बदलून जुन्या नोंदी बाजूला ठेवल्या गेल्या आणि त्यावरून मोठा वाद झाला. खातं कार्यालयाचं की माणसाचं, हा प्रश्न आपल्याकडे तेव्हापासून चर्चेत आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे तर एका शहराच्या प्रशासकाने, म्हणजे आपल्या नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्यासारख्या माणसाने, फेसबुकवर एका नागरिकाला ब्लॉक केल्याचं प्रकरण गेलं. २०२४ मध्ये न्यायालयाने कसोटी घालून दिली: त्या माणसाला सरकारच्या वतीने बोलण्याचा अधिकार होता का, आणि तो त्या पोस्टमध्ये तो अधिकार वापरत होता का. तो निकाल आपल्याला लागू नाही, पण प्रश्न मोलाचा आहे. मी प्रत्येक पोस्टला तो विचारते.

एक्सवर करडी खूण सरकारी खात्यांना आणि पदाधिकाऱ्यांना मिळते, निळी पैसे भरून घेता येते. नकली खात्याची शंका आली तर उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरून काढा. २०१३ च्या आयोगाच्या सूचनेपासून उमेदवाराला स्वतःची सोशल मीडिया खाती त्यात लिहावी लागतात.

आता मुख्य गोष्ट, ‘मंजूर’ हा शब्द. रस्ता, पूल, बंधारा, काहीही असो, त्याचा प्रवास साधारण असा असतो. लोकप्रतिनिधी मंत्र्यांना पत्र देतात. मंत्री त्यावर ‘तपासून सादर करावे’ असा शेरा मारतात. पुढे काम अर्थसंकल्पात किंवा पुरवणी मागण्यांत, म्हणजे वर्षाच्या मध्येच मागितलेल्या जादा निधीत, येतं. मग प्रशासकीय मान्यता (कामाला आणि खर्चाला होकार), मग तांत्रिक मान्यता (अभियंत्यांनी अंदाजपत्रक तपासून दिलेली), मग निविदा, मग ठेकेदाराला कार्यारंभ आदेश, म्हणजे काम सुरू करण्याचं पत्र. यातल्या कुठल्याही पायरीवर ‘मंजूर’ची पोस्ट पडू शकते आणि पडतेच. नुसत्या शेऱ्याच्या पत्राचा फोटो टाकून पेढे वाटलेले मी पाहिले आहेत. पत्राचा फोटो दिसला की मोठा करून वाचा: वर कुणाचं नाव, खाली कुणाची सही, जावक क्रमांक आहे का. मी प्रत्येक पोस्टपुढे एकच रकाना भरते, ‘कुठली पायरी’. एवढं जरी तुम्ही लिहिलंत तरी वाचणाऱ्याला वर्षभराच्या भाषणांतून मिळत नाही ते मिळतं.

शासन निर्णयाचा उल्लेख असेल तर तो महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर शोधा. शेवटच्या पानावर ‘त्याचा संकेतांक … असा आहे’ ही ओळ असते. त्या लांबलचक आकड्याचे पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना, दिवस. पोस्टमध्ये निर्णय कालचा म्हटलंय आणि संकेतांक सात महिन्यांपूर्वीचा, असं निघालं तर तुमची बातमी तिथेच आहे.

जोडपत्रातली गावांची यादी मात्र दोनदा वाचा. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. एका रस्त्याचं नाव यादीत नाही असं मी लिहून टाकलं. यादीत गावापुढे ‘बु.’ होतं आणि मी ‘खु.’ शोधत होते. बुद्रुक आणि खुर्द. त्या दिवशी एका माणसाला मी खोटं ठरवलं आणि तो खरा होता. दुरुस्ती लेखाच्या डोक्यावर टाकली, खाली कोपऱ्यात नाही, आणि त्यांच्या कार्यालयात जाऊन प्रत दिली. तेव्हापासून मजकूर टाकण्याआधी मी संबंधित कार्यालयाला प्रश्न लिहून पाठवते आणि दोन दिवस थांबते. उत्तर आलं तर जसंच्या तसं छापते.

कागद सापडत नसेल तर माहिती अधिकार. साध्या कागदावर नमुन्याप्रमाणे अर्ज, त्यावर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट. महाराष्ट्राच्या नियमांत एक अर्ज, एक विषय आणि १५० शब्द. ‘पूल का झाला नाही?’ असं विचारू नका, कारणं सांगायला माहिती अधिकारी बांधील नसतो, असलेले कागद देतो. असं लिहा: ‘सदर कामाच्या प्रशासकीय मान्यतेच्या आदेशाची, अंदाजपत्रकाची व कार्यारंभ आदेशाची छायांकित प्रत मिळावी.’ ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील करा, त्याला २० रुपयांचं तिकीट लागतं. दुकानात लोक येतात तेव्हा मी हे वाक्य टाइप करून ठेवलेलंच असतं.

निवडणुकीत फेसबुकची अॅड लायब्ररी उघडून बसा. भारतातल्या राजकीय जाहिराती २०१९ पासून तिथे दिसतात, पैसे कुणाच्या नावाने भरले आणि साधारण किती ते कळतं. राजकीय पक्ष आणि उमेदवारांना सोशल मीडियावरची जाहिरात आधी माध्यम प्रमाणन समितीकडून मंजूर करून घ्यावी लागते, आणि खर्च उमेदवाराच्या हिशेबात धरला जातो. एखाद्या पुढाऱ्याच्या चाहत्यांच्या पानावरून जाहिरात दिसली तर मंजुरी घेतली का आणि खर्च कुणाच्या हिशेबात धरला, हे दोन्ही प्रश्न विचारा.

भीती वाटते, हे मला कळतं. ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ मजकुरासाठी गुन्हा लावणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. बदनामीचा कायदा मात्र आहेच, आता तो भारतीय न्याय संहितेत आहे. म्हणून हेतूबद्दल लिहू नका. ‘त्यांनी फसवलं’ असं नको, ‘पोस्ट या तारखेची, आदेश या तारखेचा’ एवढंच. कार्यकर्ते शिव्या देतील, त्यांना उत्तर देत बसू नका. त्यांच्यातलाच एखादा नवा कागद घेऊन येतो, माझ्याकडे आला आहे.

आणि भाषा. बातमीचा सारांश मी अहिराणीत बोलून व्हॉट्सअॅपवरही टाकते, दीड मिनिटाचा. केळीच्या काढणीच्या दिवसांत डोळ्यांनी वाचायला कुणाला सवड नसते, कानाने ऐकतात.

आप्पांच्या पुलासाठी टाकलेल्या माहिती अधिकाराच्या अर्जाचं उत्तर सत्ताविसाव्या दिवशी आलं. प्रशासकीय मान्यता आहे, तांत्रिक मान्यता नाही, निविदा नाही. मी लेख टाकला, उत्तराची प्रत त्यांना दिली. त्यांनी ती त्याच पिशवीत, जुन्या प्रिंटच्या वर ठेवली. माझ्या शीटमध्ये त्या पुलापुढे पुढची तपासणी मे अखेरची आहे, नाल्याला पाणी यायच्या आधीची.