डिसेंबरच्या डिस्काउंटमधे गाडी घेताना काय बघायचं

वर्षअखेरीला शोरूमवाले स्टॉक काढायच्या मागे असतात, तेव्हा ऑफर चांगली मिळते, पण आधी एक्सचेंज बोनस, कॉर्पोरेट (ठराविक कंपन्यांत नोकरी करणाऱ्यांना मिळणारा) आणि कॅश डिस्काउंट वेगवेगळे लिहून मागा. जुनी गाडी द्यायचीच नसेल तर एक्सचेंज बोनस तुमच्या काय कामाचा? आकडा मोठा दिसावा म्हणून सगळं एकत्र सांगतात.

मग चॅसी नंबरवरून गाडी कोणत्या महिन्यात बनली ते विचारा, कारण जानेवारीत पासिंग केलं तरी विकताना समोरचा बनलेलं वर्ष बघतोच आणि तिथे भाव पडतो. सात-आठ वर्षं वापरणार असाल तर मात्र बिनधास्त घ्या.

इन्शुरन्स शोरूममधूनच घ्यायची सक्ती नाही, बाहेरचं कोटेशन हातात ठेवा.

फेसलिफ्ट, म्हणजे त्याच मॉडेलची थोडी बदललेली आवृत्ती, येणार म्हणून थांबायचं का, यावर मित्रांत भांडणं होतात. माझ्या मते नुसते बंपर-लाइट बदलणार असतील तर थांबू नका, सहा एअरबॅग किंवा नवं इंजिन येणार असेल तर नक्की थांबा. अडास, म्हणजे लेन सांभाळणं, गरज पडल्यास ब्रेक मारणं अशी ड्रायव्हरला मदत करणारी यंत्रणा, हवं असेल तर टेस्ट ड्राइव्ह हायवेवर घ्या, पट्टे पुसलेल्या रस्त्यावर लेन असिस्टला काही दिसत नाही.