बाळ रांगायला लागलं की… घरातला कुत्रा आणि लहान मूल कसं सांभाळावं

'बाळाचं दुपटं आधी घरी पाठवा, कुत्र्याला हुंगू द्या, मग काही होत नाही.' हा सल्ला मला तिन्ही बाळंतपणांत मिळाला. पहिल्या खेपेला मी तो इमानाने पाळला. शेरूने दुपटं हुंगलं, एक शिंक दिली आणि जाऊन झोपला. त्यानंतर सहा महिने घरात इतकं सुरळीत चाललं की मीच इतरांना दुपट्याचा सल्ला द्यायला लागले. सातव्या महिन्यात पोरगी रांगत रांगत त्याच्या गादीपाशी पोचली आणि माझं शहाणपण तिथे संपलं.

दुपटं हुंगवायला माझी आजही हरकत नाही, पण त्याने एका वासाची ओळख होते, एवढंच. खरी परीक्षा रांगण्याची असते, म्हणून या लेखातही तिलाच जास्त जागा दिली आहे.

बाळ येण्याआधी

लसी, जंताचं औषध, नखं, 'बस' आणि 'इकडे ये' या दोन आज्ञा हे सगळं तुम्ही करालच. पण जाळीचं फाटक मात्र महिनाभर आधी बसवा आणि कुत्र्याला रोज थोडा वेळ त्याच्या पलीकडे मजेत राहायची सवय लावा, तिथेच खायला द्या. बाळ आलं त्याच दिवशी फाटकही आलं, तर त्याच्या दृष्टीने हिशोब सोपा असतो: हे पोर आलं आणि मी बाहेर पडलो.

पहिले सहा महिने

कुत्रा आणि बाळ एका खोलीत एकटे कधीही नकोत, पाच मिनिटंही नाही. बाळ मांडीवर असताना कुत्रा जवळ आला तर त्याला हाकलू नका. चारही पाय जमिनीवर ठेवून शांत उभा राहिला की प्रेमाने बोला, खाऊचा तुकडा द्या. बाकी या काळात फार काही घडत नाही. बाळ जागचं हलत नाही, त्यामुळे किती जवळ जायचं हे कुत्राच ठरवत असतो.

रांगणं

आणि नेमकं हेच एका आठवड्यात उलटं होतं. आता ते पोर त्याच्याकडे येतं. तेही कसं? सरळ समोरून, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून, टक लावून, मध्येच किंचाळत. कुत्र्यांच्या रीतीभातीत यातली एकही गोष्ट सभ्य नाही. ओळखीचा कुत्रासुद्धा दुसऱ्या कुत्र्याकडे जाताना थोडा वळसा घेतो, नजर बाजूला ठेवतो. त्यातून बाळाची मूठ अशी की केस हातात आले की सुटता सुटत नाहीत. आणि बाळाचा चेहरा नेमका कुत्र्याच्या तोंडासमोर असतो. लहान मुलांना होणाऱ्या चाव्यांत डोकं, चेहरा आणि मान यांचंच प्रमाण जास्त का, याचं हे साधं उत्तर आहे.

आमच्या घरी शेरूची गादी जिन्याखालच्या कोपऱ्यात होती. ऊबदार, शांत, कुणाच्या पायात न येणारी. मला ती जागा फार शहाणपणाची वाटायची. दोन बाजूंना भिंत, वर जिना. चौथ्या बाजूने पोरगी रांगत आली की त्याला उठून जायला वाटच उरत नव्हती, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

पहिल्यांदा तो गुरगुरला तेव्हा मी धावत जाऊन त्याच्यावर ओरडले. दुसऱ्यांदा नाकावर टिचकी मारली. तिसऱ्यांदा ती जवळ गेली तेव्हा तो गप्प पडून राहिला आणि मी खूश झाले. शिकला म्हणून आल्यागेल्याला कौतुकानेही सांगितलं. आठवड्याभराने काही आवाज नाही, काही नाही, त्याने मान वळवली आणि तिच्या गालाशी दात वाजवले. ओरखडाही नव्हता, गाल फक्त ओला झाला होता. माझे हात मात्र संध्याकाळपर्यंत थरथरत होते.

त्याने काय शिकलं होतं? गुरगुरलं की मार बसतो, हे. पोर जवळ आलं की जो त्रास व्हायचा, तो होता तसाच होता. मी धूर दिसू नये म्हणून खिडकी लावून घेतली होती आणि आग विझली असं समजत होते.

म्हणून यावर माझं मत पक्कं आहे: गुरगुरणाऱ्या कुत्र्याला कधीही शिक्षा करू नका. 'आत्ताच दाबलं नाही तर डोक्यावर बसेल' असं सांगणारा एखादा जाणकार प्रत्येक ओळखीत निघतोच. कुत्र्याला 'मालक कोण' ते दाखवण्याची ही कल्पना बंदिस्त लांडग्यांच्या जुन्या निरीक्षणांवरून आली. प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी ती निरीक्षणं १९४७ मध्ये मांडली होती. पुढे ज्यांच्या लिखाणामुळे 'अल्फा', म्हणजे कळपाचा म्होरक्या, हा शब्द घरोघरी पोचला, त्या लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनीच १९९९ मध्ये लिहिलं की रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे बहुतेकदा आईबाप आणि त्यांची पोरं, आणि हा शब्द तिथे लागू पडत नाही. कुत्र्याला उताणा पाडून दाबून धरणारे अजून जुन्याच पानावर आहेत.

गुरगुरला तर करायचं ते असं. आवाज चढवू नका. बाळ हाताशी असेल तर शांतपणे उचला. नसेल तर कुत्र्याला नेहमीच्या आनंदी आवाजात हाक मारून दुसरीकडे बोलवा. दोघं वेगळे झाले की मग विचार करा: कुठे झालं, तोंडात किंवा पायाशी काय होतं, तो झोपेत होता का. ती जागा, ती वस्तू, ती वेळ त्या दिवसापासून बाळासाठी बंद.

खरं तर गुरगुरण्यापर्यंत गोष्ट जायलाच नको, कारण त्याआधी तो बरंच काही सांगून चुकलेला असतो. केंडल शेफर्ड या ब्रिटिश पशुवैद्यांनी याची एक शिडीच मांडून ठेवली आहे. खालच्या पायऱ्या म्हणजे डोळे मिचकावणं, नाक चाटणं, जांभई, तोंड फिरवणं. मग उठून निघून जाणं, कान मागे पडणं, अंग चोरून बसणं. मग ताठ होऊन टक लावणं, गुरगुर, हवेत दात आणि शेवटी चावा. आपण बहुतेक जण वरच्या तीन पायऱ्याच पाहतो आणि 'अचानक चावला' म्हणतो. झोप आलेली नसताना दिलेली जांभई, खाणं समोर नसताना ओठांवरून फिरलेली जीभ आणि मान न हलवता तिरप्या नजरेने पाहताना डोळ्याच्या कडेला दिसणारी पांढरी कोर, एवढ्या तीन गोष्टी ओळखायला शिकलात तरी पुष्कळ. शेपूट हलते म्हणजे खूश, हे मात्र डोक्यातून काढा. ताठ अंगाने, उंच धरलेली शेपूट तुरुतुरु हलवणारा कुत्रा खेळायला बोलवत नसतो.

आता घराची मांडणी. गादी कोपऱ्यातून काढा. ती अशा जागी हवी की बाळ कुठूनही आलं तरी कुत्र्याला दुसऱ्या बाजूने निघता येईल. त्याहून उत्तम म्हणजे गादी फाटकाच्या पलीकडेच ठेवा. तिथे बाळाने जायचं नाही, कोणत्याही निमित्ताने नाही. कुत्रा स्वतःहून उठून तिकडे गेला तर त्याला मनापासून शाबासकी द्या, कारण त्याने चावण्याऐवजी निघून जायचं ठरवलं आहे. त्याच्यामागे बाळाला रांगत सोडून 'बघ बघ, कसे खेळतात' म्हणणारे आजोबा असतील तर त्यांना मायेने पण ठाम शब्दांत थांबवा. मला माझ्या सासऱ्यांना थांबवावं लागलं होतं आणि ते चार दिवस माझ्याशी बोलले नव्हते. चालतं.

लक्ष ठेवणं या शब्दाबद्दलही बोलायला हवं. त्याच खोलीत बसून मोबाइल पाहणं म्हणजे लक्ष ठेवणं नाही. झडप घालायला कुत्र्याला डोळ्याचं पातं लवण्याइतकाच वेळ लागतो. तुम्ही एका हाताच्या अंतरावर आणि दोघांच्या मध्ये असाल तरच तुमच्या असण्याला अर्थ आहे. स्वयंपाक, फोन, अंघोळ, डुलकी या वेळांना फाटक लावा. मला रोज वीसेकदा ते उघडून लावावं लागायचं आणि कंटाळा यायचा, पण त्यावर दुसरा उपाय मला सापडला नाही.

आणि सगळ्यात वाईट सल्ला: 'कुत्रा खात असताना बाळाला भांड्यात हात घालू दे, सवय होते.' नाही होत. त्याला फक्त एवढं कळतं की हे पोर आलं की घास जातो. अमेरिकेतल्या पशुवैद्य इलाना राइझनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मुलांना चावलेल्या कुत्र्यांच्या १११ प्रकरणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सहा वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत सर्वांत जास्त चावे कुत्रा खाणं किंवा आपली एखादी वस्तू राखत असताना झालेले होते. अभ्यासातल्या सुमारे दोनतृतीयांश कुत्र्यांनी त्याआधी कुठल्याही मुलाला दात लावलेला नव्हता. 'आमचा कधी चावलेला नाही' या वाक्याचा भरवसा किती धरायचा, ते यावरून ठरवा. कुत्र्याचं खाणं बंद फाटकाआड होऊ द्या आणि तो बाजूला गेल्यावर भांडं उचला. चघळायचं हाडही तिथेच द्या.

मूल चालायला, बोलायला लागलं की

एकच नियम शिकवा, पण रोज: आपण कुत्र्याकडे जायचं नाही, त्याला आपल्याकडे बोलवायचं. आला तर खांद्यावरून किंवा छातीवरून तीन सेकंद हात फिरवायचा आणि थांबायचं. अजून हवं असेल तर तो स्वतः अंग पुढे करतो. नको असेल तर वळतो, आणि मग विषय संपला. डोक्यावर थापट्या नाहीत, पाठीवर बसणं नाही, गळामिठी तर नाहीच. आपल्याला प्रेमाची वाटणारी मिठी कुत्र्याला अडकवून ठेवल्यासारखी वाटते. तुमच्या फोनमध्ये असा गोड फोटो असेल तर एकदा फक्त कुत्र्याचा चेहरा मोठा करून बघा.

मूल स्वतः खुणा ओळखेल अशी आशा ठेवू नका. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठात कर्स्टिन माइंट्स यांनी लहान मुलांना कुत्र्यांचे चेहरे दाखवून पाहिले. दात विचकलेला कुत्रा हसतो आहे, असं बऱ्याच मुलांना वाटलं. हसणाऱ्याच्या जवळ तर मूल जाणारच. त्यामुळे नियम शिकवायचे, पण त्यांच्यावर विसंबून फाटक काढायची घाई करायची नाही.

पाहुण्यांची मुलं

कुत्रा दुसऱ्या खोलीत, दार बंद. यावर चर्चा नको.

दात लागलाच तर

आधी दोघांना वेगळं करा. जखम साबण आणि वाहत्या पाण्याखाली पूर्ण १५ मिनिटं धुवा. मूल रडेल, तरीही धुवा. वर कुठलाही घरगुती लेप नको. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, कुत्रा घरचा आणि लस घेतलेला असला तरीही. चेहरा, मान किंवा हात असेल तर तासाचीही वाट पाहू नका. सुळ्याची जखम वरून टाचणीच्या टोकाएवढी दिसते आणि आत खोल गेलेली असते. रेबीजची लस, धनुर्वाताचं इंजेक्शन, टाके घालायचे की नाही, हे डॉक्टर ठरवतील. कुत्र्याला मारू नका. त्याला खोलीत ठेवा आणि नंतर पशुवैद्याकडे न्या.

नेताना कागदावर चार ओळी लिहून न्या: कधी, कुठे, आधी काय चाललं होतं, आणि त्याच्या वागण्यात अलीकडे काय बदललं. शेरूने दात वाजवले त्या रात्री मी तसं लिहायला बसले तेव्हा दिसलं की दोन्ही वेळची गुरगुर आणि नंतरचे दात संध्याकाळच्या फिरण्यानंतरचे होते, आणि गेला महिनाभर तो जिना चढताना मध्ये थांबत होता. पशुवैद्यांनी कागद वाचला, त्याच्या मागच्या उजव्या पायाचा खुबा हलकेच दाबला आणि शेरूने ओठांवरून जीभ फिरवली. पोरगी रांगत येऊन त्याच पायाला धरून उभी राहायची. औषध सुरू झालं, गादी खिडकीपाशी फाटकाच्या पलीकडे गेली आणि ते फाटक पुढे पाच वर्षं तिथेच होतं.