रात्री बाईकसमोर हरीण आलं तर? या चुका टाळा

पावसाळ्यात ताम्हिणी आणि वर्षभर अष्टविनायक, पुण्यातल्या बाईकवाल्यांचे हे ठरलेले रूट. ताम्हिणीच्या जंगलात भेकर, सांबर आणि चौफुल्यावरून मोरगावला जाताना सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य, तिथे चिंकारा. पहाटेच्या दर्शनाला लोक अंधारात निघतात आणि नेमकी तीच यांची चरायला फिरायची वेळ, दिवस मावळतानाही तेच.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे हरीण दिसलं की हँडल वळवणं. ते कुठे पळणार ते त्यालाच माहीत नसतं, तुम्ही डावीकडे घेतलंत की तेही डावीकडेच उडी मारतं, आणि ते चुकलं तरी साइडपट्टीची खडी नाहीतर समोरून येणारा टेम्पो आहेच की. गाडी सरळ ठेवा आणि दोन्ही ब्रेक लावा, पुढचा झटक्यात न आवळता दाब वाढवत न्या. आपल्याकडे पुढच्या ब्रेकची भलतीच भीती, सगळे मागचाच दाबतात, पण ब्रेक लागला की वजन पुढे येतं आणि गाडी थांबवायची खरी ताकद पुढच्या चाकातच असते. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी सिस्टिम) आहे म्हणून निर्धास्त राहू नका, बऱ्याच गाड्यांना ते फक्त पुढच्या चाकाला असतं. मागचं चाक लॉक होऊन घसरायला लागलं तर पाय जरा सैल करा. आणि हरणाकडे टक लावून बघू नका, नजर जिथे तिथेच गाडी जाते.

स्पीडचा हिशोब बघा ना, 80 ला गाडी सेकंदाला साधारण 22 मीटर जाते. डोक्यात प्रकाश पडेपर्यंत एक सेकंद गेला, पुढे कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक लागला तरी अजून 35 एक मीटर. 60 ला हेच सगळं मिळून 37 च्या आसपास. ओल्या घाटात तर विचारूच नका.

हेडलाइट आभाळात जातोय? डबलसीट आणि मागे बॅग असली की मागचा शॉकअप दबतो आणि लाइटचं तोंड वर होतं. निघायच्या आधी त्याच लोडवर भिंतीसमोर गाडी उभी करून बघा, अॅडजस्ट करायचा स्क्रू बहुतेक हेडलाइटच्या मागे-खाली असतो, दोन मिनिटांचं काम.

रस्ता रिकामा असेल तर अपर लावा, कडेला डोळे चमकताना लवकर दिसतात. पण हरीण रस्त्यातच थिजून उभं राहिलं तर लाइट डिपरवर, म्हणजे खाली घ्या, उजेडाने त्याला काही दिसत नसतं. हॉर्न छोटा, कर्कश्श नको. आणि एक गेलं की लगेच रेस देऊ नका, मागून दुसरं येतंच असं धरून चाला.

धडक झालीच तर आधी माणसं बघा, 112 किंवा 108. जखमी जनावराला हात लावायचा नाही, पाणी पाजायला जायचं नाही, घाबरलेलं सांबर लाथेने हाड मोडू शकतं. वनविभागाची हेल्पलाइन 1926. फोटो काढून ठेवा, फक्त थर्ड पार्टी इन्शुरन्स असेल तर स्वतःच्या गाडीचे पैसे मिळत नाहीत ते वेगळंच.

गाडी उचलल्यावर लगेच सेल मारू नका. हँडल सरळ धरून पुढचं चाक बघा, तिरकं दिसलं किंवा ब्रेकचा लिव्हर वाकलेला असला तर सरळ टेम्पोत टाका.