लेकराला घरी वाचायला शिकवायचंय? मग आधी अआइईचा तक्ता खाली काढा

पोरगी अडीच वर्षांची असताना मी सोलापूरच्या नवी पेठेतून मुळाक्षरांचा मोठा तक्ता आणला, भिंतीला चिकटवला आणि महिन्याभरात ती ग गणपतीचा, ण बाणाचा, य यज्ञाचा असं सगळं धडाधड म्हणायला लागली. पाहुणे आले की कार्यक्रम ठरलेलाच. मग एकदा सहज गणपतीच्या चित्रावर हात ठेवला आणि नुसतं अक्षर दाखवून विचारलं, हे काय? गप्प. तिला चित्रं पाठ होती, अक्षर एकही येत नव्हतं. आणि खरं सांगा, अडीच वर्षांच्या लेकरानं यज्ञ बघितलाय कुठं?

तक्ता काढून टाकला आणि उलट्या बाजूनं सुरुवात केली, म्हणजे आधी कान, मग डोळे, आणि हात सगळ्यात शेवटी. आता ती साडेचारची आहे आणि छोटी छोटी वाक्यं वाचायली. काय काय केलं ते सांगते, पण एक आधीच सांगून ठेवते. तीन वर्षांच्या आत फक्त पहिल्या तीन पायऱ्या करा, त्यापुढं ओढू नका. सरकारी हिशोबानं पहिलीचं वय सहा आहे, आणि निपुण भारत ही जी योजना २०२१ ला आली तिचंसुद्धा वाचनापुरतं ध्येय तिसरी संपेपर्यंत नीट समजून वाचता यावं एवढंच आहे. कुणाचीही गाडी सुटत नाहीये.

पायरी १ : कान. अक्षर न दाखवता नुसते आवाजाचे खेळ. भाजी निवडताना, गाडीवर जाताना, आंघोळीला, कधीपण. "स नं सुरू होणारं काय दिसतंय सांग बरं?" साबण, साडी, सायकल, सोलापूर. टाळ्यांचा खेळ पण भारी आहे, शब्द तोडून तोडून टाळी वाजवायची, गा-डी दोन, ब-टा-टा तीन. भाकरीला गंमत होते, आपण लिहितो तीन अक्षरं पण बोलताना भाक-री अशा दोनच टाळ्या पडतात. लेकरू दोन वाजवत असेल तर वाजवू द्या, ते बरोबर ऐकतंय.

घरात कन्नड नाहीतर तेलुगू बोलत असाल, आपल्याकडं गल्लोगल्ली तशी घरं आहेत, तर हे खेळ आधी त्याच भाषेत खेळा. शब्द तोडायची सवय एकदा कानाला लागली की ती मराठीतपण चालते. आजीला मुद्दाम मराठी बोलायला लावू नका, तिची गोष्ट तिच्याच भाषेत चांगली.

पायरी २ : रोज एक पुस्तक, तेच तेच. मोठ्यांना कंटाळा येतो पण लेकराला तेच पुस्तक वीस वेळा हवं असतं, आणि त्यातच सगळं आहे. मांडीवर घ्या, ओळीखाली बोट फिरवा म्हणजे डावीकडून उजवीकडं जायचं असतं हे आपोआप कळतं, आणि पाठ झालेल्या ओळीचा शेवटचा शब्द सोडून गप्प बसा. ती म्हणेल. पुस्तकांवर फार खर्च करायची गरज नाही, नॅशनल बुक ट्रस्टची मराठी पुस्तकं स्वस्त असतात, आणि प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी फुकट आहेत. फक्त मोबाईल पोरीच्या हातात देऊ नका, प्रिंट काढा नाहीतर तुम्ही धरून वाचा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्येच सांगितलंय, दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त स्क्रीन नको, कमी तेवढं चांगलं. अक्षरांचे व्हिडिओ लावून दिले की शिकतात असं वाटतं, पण ते तक्त्याचंच हलतं रूप आहे.

पायरी ३ : रस्ता. ही माझी सगळ्यात आवडती. एसटी स्टँडवर बसची वाट बघत होतो, मी नुसत्या पाट्या वाचून दाखवत होते, पंढरपूर, तुळजापूर, कोल्हापूर, आणि वर स्टँडचं नाव सोलापूर. तिसऱ्या चौथ्या पाटीला ती म्हणाली, "आई, हे सारखंच आहे." शेवटचं पूर! तिला प पण येत नव्हता आणि र पण नाही, पण तो आकार तिनं धरला. पुढं आठवडाभर विजापूर रोडवर प्रत्येक दुकानाच्या बोर्डावर पूर शोधणं चाललं होतं. बार्शीची गाडी आली की मात्र तोंड पाडायची, त्यात पूर नाही म्हणून. मग अक्कलकोट आणि भुईकोट, दोन्हीत कोट. तुम्हाला रोज जे बोर्ड दिसतात तेच धरा, फक्त "वाच बघू" म्हणू नका, आपण वाचून पुढं जायचं.

पायरी ४ : चार अक्षरं, बास. साधारण साडेतीननंतर. अ पासून ज्ञ पर्यंत ओळीनं जायचं काही कारण नाही. मी र, स, ब, क घेतली, कारण एवढ्यात बस, रस, सर, कर, कस, कसर, सरक इतके शब्द होतात आणि काना मात्रा काही लागत नाही. बस स्टँडवर दिसतो, रस रसवंतीच्या बोर्डावर. सरक लिहिलेली चिठ्ठी दाखवली की तिनं सोफ्यावर सरकायचं, हा खेळ आमच्याकडं दोन महिने चालला. मग म, न, ल, घ, ट अशी एकेक वाढवा.

आपल्या लिपीचा फायदा असा की अक्षराचं नाव तोच त्याचा आवाज, म्हणून शेजारच्या काकूंनी "आधी एबीसीडी घ्या, सोपी असते" म्हटलं तरी हसून सोडून द्या. एक भानगड आहे च आणि ज ची, चटणीतला च वेगळा आणि चिमणीतला वेगळा, पण त्यावर लेक्चर नको, बोलायला येतं त्यांना. आणि घ-ध, भ-म, ब-व या जोड्या एकाच आठवड्यात शिकवू नका, मी शिकवल्या आणि पस्तावले.

अक्षर हाताला लागलं पाहिजे. पुठ्ठ्यावर मोठं अक्षर काढून त्यावर फेविकॉलनं जाड सूत चिकटवा, चादरीच्या कारखान्यात कुणी ओळखीचं असेल तर उरलेलं सूत सहज मिळतं, आणि त्यावरून बोट फिरवायला द्या. परातीत जवारीचं पीठ पसरून बोटानं काढलं तरी चालतं. शेंगदाणे मात्र नकोत, एवढी लेकरं तोंडात घालतात आणि घशात अडकतात.

पायरी ५ : काना, मग दुसरी वेलांटी. काना आला की घरातली माणसंच वाचता येतात, काका, बाबा, मामा, दादा. अख्खी बाराखडी घोकायची नाही, का आणि मा झाले की लगेच शब्द. त्यानंतर सगळे पहिली वेलांटी घेतात, तिथंच घोळ होतो, कारण कि मध्ये वेलांटी लिहायची आधी आणि म्हणायची नंतर. त्यापेक्षा काकाची काकी करा, मामाची मामी, दुसरी वेलांटी अक्षराच्या नंतर येते म्हणून लगेच कळते. तसंही मराठी शब्दाच्या शेवटी बहुतेक वेळा दीर्घच असतं. उकार, मात्रा नंतर, जोडाक्षरं तर शाळेवर सोडा.

लिहिणं? अजिबात घाई नको. आमच्या सासूबाई म्हणायच्या, "अगं पेन्सिल धरता येईना तिला, आणि तू वाचायला लावायलीस?" त्यांना वाटायचं दोन्ही एकदमच शिकतात. बोटांत ताकद यायला वेळ लागतो, तोवर कणीक मळू द्या, शेंगा सोलायला द्या, सोललेले दाणे मात्र आपल्या हातात ठेवा.

वेळ म्हणाल तर दिवसाला पाच-दहा मिनिटं. उन्हाळ्यात दुपारी मी काहीच घेत नव्हते, बेचाळीस डिग्रीत मोठ्यांचं डोकं चालत नाही तर लेकराचं काय चालणार. तोंड फिरवलं की पुस्तक बंद. आणि दोन वर्षं होऊन गेली तरी दोन शब्द जोडून बोलत नसेल, किंवा मागून हाक मारली तर वळत नसेल, तर अक्षरं राहू द्या, आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवून कान तपासून घ्या.